काळजी उतरवताना

आज सकाळी विश्रांतवाडीच्या चौकात उभी होते. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी इथूनच पुण्यात जाते. मनात मात्र उद्याच्या कामाची काळजी होती. आजवर वाटायचं, काळजी केली म्हणूनच परीक्षा पार पडल्या, नोकरीत पुढे गेले. ती सोडली तर हातून काही होणार नाही.

डोक्यावर तुळस घेतलेल्या आजींना विचारलं, "पंढरपूरपर्यंत जमेल ना?"

"आज पुण्यापर्यंत चालायचं, बाई. पुढचं पांडुरंग बघंल."

सुमारे २५० किलोमीटर या आजी काळजीनं नाही, ओढीनं चालतात. फळाची आस सोडून कर्म करण्याचा गीतेतला विचार १२९० साली ज्ञानेश्वरीनं मराठीत आणला. तो आज मला त्या भेगाळलेल्या पावलांत दिसला.

उद्याचं काम मनापासून करीन. काळजी मात्र इथंच उतरवून ठेवते.