जपलेले आणि गमावलेले

घरातील जुना संगणक संगीतासाठी राबवावा, हा विचार २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या मनात आला. तीनशेच्या आसपास सीडी कपाटात पडून होत्या आणि काहींवर बुरशी चढू लागली होती. हे सारे संगीत एका ठिकाणी साठवावे व बैठकीच्या खोलीत हवे तेव्हा ऐकावे, एवढीच आमची मनीषा. तांत्रिक बाजू सांभाळायला आमचा पुतण्या दर रविवारी संध्याकाळी येऊ लागला.

पहिला धडा मिळाला तो असा, की सीडी नुसती उतरवून घेऊन भागत नाही. तिच्यावर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, तेही डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंचे, आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. ओरखडा आला तर साधा प्लेअर मधली जागा अंदाजाने भरून काढतो. कानाला ते बहुधा कळतही नाही. जपणूक करणाऱ्याला मात्र अंदाज चालत नाही. म्हणून पुतण्याने ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ ही संगणकप्रणाली वापरली. ती शंकास्पद जागा पुनःपुन्हा वाचते आणि आपले वाचन इतरांनी केलेल्या त्याच सीडीच्या वाचनाशी ताडून पाहते. असा पारखलेला ध्वनी आम्ही ‘फ्लॅक’ स्वरूपात साठवला. २००१ साली आलेले हे स्वरूप जागा साधारण निम्म्यावर आणते, पण मूळ ध्वनीतील काहीही गाळत नाही.

पंख्याची घरघर संगीतात मिसळू नये म्हणून संगणक आतल्या खोलीत ठेवला आणि तेथून बैठकीत नेटवर्कची तार आणली. बैठकीत तळहाताएवढा रास्पबेरी पाय. त्याला जोडलेला डॅक, म्हणजे आकड्यांचे पुन्हा विद्युत-लहरींत रूपांतर करणारे यंत्र. त्यापुढे अॅम्प्लिफायर व स्पीकर. पहिल्या संध्याकाळी कुमार गंधर्व लावले. तानपुऱ्यांची आस खोलीभर पसरली आणि आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही.

मग पुतण्या म्हणाला, “काका, आता बाबांचं व्हायोलिन लावा ना.”

आमचे थोरले बंधू व्हायोलिन वाजवीत. १९८६ साली घरच्या ओट्यावर बसून त्यांनी वाजवलेले आम्ही कॅसेटवर टिपून घेतले होते. २००३ साली ती कॅसेट आम्ही मोठ्या हौसेने संगणकावर उतरवली. हार्ड डिस्कवर जागा थोडी, म्हणून ६४ केबीपीएसची एमपी-३ केली. त्या वेळच्या लहानशा स्पीकरवर आवाज छान वाटला. काम झाले, असे समजून कॅसेट आम्ही रद्दीबरोबर देऊन टाकली.

नव्या स्पीकरवर ते वादन सुरू झाले आणि आमचा चेहरा उतरला. गजाची ती गोड खरखर गेली होती. वरचे स्वर पाण्याखालून आल्यासारखे वाटत होते.

“मूळ कॅसेट कुठं आहे?” पुतण्याने विचारले. आम्हाला उत्तर द्यावेच लागले.

“मग हिची फ्लॅक केली तर?”

ते शक्य होते. पण त्याने फक्त फाइल मोठी झाली असती. एमपी-३ करताना कानाला फारसे जाणवणार नाही असे समजून जे गाळले जाते, ते पुन्हा हाती येत नाही. उलट पुढे कोणी ती अस्सल प्रत समजून फसला असता. म्हणून ती फाइल आहे तशीच ठेवली आणि नावापुढे स्पष्ट लिहिले: ‘कॅसेटवरून, एमपी-३, मूळ उपलब्ध नाही.’

सीडी हाताशी होत्या म्हणून पुन्हा वाचता आल्या. कॅसेटच्या बाबतीत ती सोय आम्हीच संपवली होती. आज कानाला जे पुरेसे वाटते ते जपणुकीला पुरतेच असे नाही, हे आम्हाला इतक्या उशिरा कळले. आपल्या घरी जुन्या कॅसेट असतील तर वाचकांनी त्या अवश्य उतरवून घ्याव्यात. पण काही न गाळता, आणि मूळ कॅसेट न टाकता.

आता साऱ्या संग्रहाच्या आणखी दोन प्रती वेगळ्या डिस्कवर आहेत. त्यांतील एक पुतण्या आपल्या घरी घेऊन गेला. निघण्यापूर्वी त्याने ते वादन पुन्हा एकदा शेवटपर्यंत ऐकले. शेवटी बंधूंचा आवाज येतो, “झालं, बंद कर आता.” तेवढे मात्र अगदी स्पष्ट ऐकू येते.