गवंडी ट्रेडला एकदा जाऊन बघाच!

भाच्याला इलेक्ट्रिशियनला प्रवेश मिळाला, म्हणून त्याच्याबरोबर आयटीआयत गेलो होतो. शेजारच्या शेडमधून टकटक ऐकू आली, डोकावलो, आणि दुपार तिथेच गेली! मंडळी, आयटीआयत गवंडीकाम शिकवतात! रीतसर, वर्षभर, शेवटी परीक्षा आणि सरकारी प्रमाणपत्र. पन्नाशी आली तरी हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी तो ओळंबा. दोरीला टांगलेलं वजन, त्यात काय बघायचं? तर दोरी एका ठोकळ्यातून ओवलेली असते, आणि ठोकळ्याची रुंदी न् वजनाची जाडी अगदी सारखी. ठोकळा वर भिंतीला टेकवायचा, वजन खाली सोडायचं. ते भिंतीला जेमतेम शिवलं की भिंत सरळ. मध्ये फट दिसली की भिंतीचं डोकं बाहेर झुकलंय. वजन भिंतीवर रेललं की आत गेलंय. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, आणि सूतभर चूक लपत नाही! सरांनी तो माझ्या हातात दिला, तेव्हा वजन हलायचं थांबेपर्यंत मी श्वास रोखून उभा.

मग कोपरा. वीट १९ × ९ × ९ सेंटिमीटरची, सांधा एकाचा. म्हणजे हिशेब २० आणि १० चा. खालच्या थरातल्या उभ्या सांध्यावर वरचा सांधा येता कामा नये, नाहीतर चीर सरळ खालपर्यंत जाते. पण एका थरात विटांच्या लांब बाजू आणि वरच्या थरात आखूड बाजू दर्शनी ठेवल्या, की २० सेंटिमीटरवर सांधे गाठ घालतातच. उपाय काय, तर एक वीट लांबीत चिरायची आणि तिची पातळ फाक कोपऱ्यातल्या विटेशेजारी बसवायची. पुढचे सगळे सांधे ५ सेंटिमीटरनं सरकतात! हिचं नाव क्वीन क्लोझर. एका मुलीनं वीट फिरवत फिरवत छिन्नीनं टोचली आणि ती उभी दुभंगली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

काटकोन काढतात तो ३ फूट, ४ फूट, तिरपं ५. शाळेत छळणारा पायथागोरस इथे दोरी-खिळ्यांनिशी जमिनीवर उतरलेला!

दगडी बांधकामाचा विषय निघाला तेव्हा मात्र मी गप्प झालो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात हजारो माणसं गेली, ती बहुतांशी स्वतःच्याच घराखाली. जाड दगडमातीच्या भिंती: आतला पदर, बाहेरचा पदर, मध्ये भर, आणि दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. हादऱ्यानं पदर सुटले, वरचं मातीचं जड छप्पर खाली आलं. तो आरपार दगड किती अंतरावर घालायचा, हे गवंड्याला कुणीतरी शिकवावं लागतं हो!

संध्याकाळी पोरांनी दिवसभर रचलेली भिंत पाडून टाकली. सराव मातीच्या गाऱ्यात असतो, त्यामुळे विटा पुसल्या की उद्या पुन्हा त्याच.

दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे ऑनलाइन अर्ज सुरू होतात. गवंडी ट्रेड सगळीकडे नसतो, आधी चौकशी करा. पण घरात हातानं काम करण्यात रमणारं पोर असेल, तर अर्ज भरण्याआधी त्याला घेऊन त्या शेडमध्ये तासभर उभे राहा. आणि ट्रेडची यादी इलेक्ट्रिशियनपाशी वाचायची थांबवू नका.