मॉस्कोत अण्णा भाऊंचा वाढदिवस

१ ऑगस्ट हा साहित्यरत्न लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचा जन्मदिवस. परळ, लालबाग, नायगावात त्या दिवशी नाक्यानाक्यावर फोटोला हार पडतो, डफ वाजतो, पोवाडे होतात. गेल्या वर्षी मात्र आम्ही सातजणांनी ही जयंती मॉस्को शहरात साजरी केली. आमच्यात तीन कारकून, एक शिक्षिका, एक नर्स, बेस्टचे एक निवृत्त कंडक्टर आणि एक जुने गिरणी कामगार. तीन वर्षे दरमहा पोस्टात रक्कम टाकली तेव्हा तिकिटाचे पैसे जमले.

मॉस्कोच का? अण्णा भाऊ १९६१ साली रशियाला गेले होते. दीड दिवस शाळेत गेलेला, वाटेगावाहून पायी मुंबई गाठलेला, हमाली करून गिरणीत राबलेला हा माणूस विमानाने मॉस्कोला उतरला. परत येऊन त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. त्यांनी पाहिलेला सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित झाला. पण १४ सप्टेंबर २०२२ रोजी तेथील मार्गारिता रुदोमिनो विदेशी साहित्य ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ते पाहायचे हे आम्ही तेव्हाच ठरविले होते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. २०२३ पासून भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळू लागला, त्यामुळे वकिलातीच्या खेपा वाचल्या. मात्र २०२२ पासून आपली व्हिसा, मास्टरकार्डची कार्डे तिथे चालत नाहीत. सगळा व्यवहार रोखीचा. आम्ही डॉलर नेऊन रूबल घेतले आणि रोज रात्री वहीत जमाखर्च लिहिला.

३१ जुलैला गॉर्कीचे घर पाहिले. महाराष्ट्राचे गॉर्की म्हणून अण्णा भाऊंचा गौरव होतो, म्हणून हे घर पहिले. गॉर्की हे टोपणनाव, अर्थ ‘कडू’. लहानपणीच पोरका झालेला, बेकरीत आणि व्होल्गेच्या धक्क्यावर राबलेला हा लेखक. १९३१ ते १९३६ या काळात सरकारने त्याला एका धनिकाचा वाडा राहायला दिला होता. फ्योदर शेख्टेल या वास्तुविशारदाने बांधलेल्या या वाड्यातला दगडी जिना समुद्राच्या लाटेसारखा वर चढतो. आम्ही तो हात लावून पाहिला. आमचे गिरणी कामगार काका हळूच म्हणाले, “आपल्या गॉर्कीला चिराग नगरची झोपडी.” त्यावर कोणी काही बोलले नाही.

दुसरे घर टॉलस्टॉयचे, खामोव्निकी भागातले. १८८२ ते १९०१ या काळात तो हिवाळ्यात इथे राही. जमीनदार घराण्यातला हा लेखक स्वतः बूट शिवायचा. त्याने शिवलेले बूट आणि ती हत्यारे तिथे जपून ठेवली आहेत. आम्ही बराच वेळ तिथेच उभे राहिलो. कातडे शिवणारा उमराव जगात थोर ठरला आणि आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तेच काम करणाऱ्याला गावाबाहेर ठेवले. काम तेच, हत्यारेही जवळजवळ तीच. फरक माणसाच्या जन्मावर लावलेल्या किमतीचा.

दोस्तोयेव्हस्की १८२१ साली जन्मला तो गरिबांच्या इस्पितळाच्या आवारात. वडील तिथे डॉक्टर होते. आज त्या जागी संग्रहालय आहे. आमच्या नर्सताईंना तिथे परळच्या वॉर्डाची आठवण आली. पुश्किनचा पणजोबा तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला मुलगा होता. त्याच्या पणतूचा पुतळा १८८० पासून मॉस्कोच्या भर चौकात उभा आहे.

त्या संध्याकाळी आमच्या दुभाषीबाईंना आम्ही उद्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आजच देऊ लागलो, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवले. रशियात आगाऊ शुभेच्छा देणे अशुभ समजतात. आम्ही शुभाशुभ मानीत नाही, पण यजमानाचा मान राखला. सकाळी फुले घेताना दुसरा धडा मिळाला. तिथे सम संख्येची फुले मयतीला नेतात, आनंदाच्या प्रसंगी विषम. आम्ही सातजण, प्रत्येकाचे एक फूल. हिशोब आपोआप जुळला.

ग्रंथालयाची सुरुवात १९२२ साली मार्गारिता रुदोमिनो या तरुण ग्रंथपाल बाईंनी केली. जगभरच्या भाषांतील पुस्तके तिथे आहेत. पुतळ्यापुढे फुले ठेवून आम्ही ‘जयभीम’ म्हटले. शिक्षिकाबाईंनी ‘फकिरा’विषयी चार शब्द सांगितले. १९५९ सालची ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. लाल बावट्याचा शाहीर आणि निळ्या झेंड्याचा नेता यांना वेगळे करू पाहणाऱ्यांना ते अर्पणपत्रिकेचे पान पुरेसे उत्तर आहे. नंतर प्र्यानिक नावाची मधाची मसालेदार पोळी कापली. सोबत घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी आणि तिथला काळा पाव. दुभाषीबाईंनी चटणी दोनदा मागून घेतली.

परतल्यावर आम्ही आपल्या भागाकडे नव्याने पाहतो आहोत. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली, तिथे टॉवर आणि मॉल आले. परळच्या बीआयटी चाळीत १९१२ ते १९३४ बाबासाहेब राहिले. ९ मार्च १९२४ ला दामोदर हॉलच्या सभेत बहिष्कृत हितकारिणी सभेची कल्पना मांडली गेली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात अण्णा भाऊंची शाहिरी घडली. आपल्या मुलांपैकी किती जणांनी या जागा पाहिल्या आहेत?

वाचकांना आमची विनंती आहे. मॉस्कोला जाणे सर्वांना शक्य नाही, परळला जायला बसचे तिकीट पुरते. येत्या १ ऑगस्टला मुलांचा हात धरून या जागा दाखवा. घरात गिरणी कामगार आजी-आजोबा असतील तर त्यांच्या आठवणी वहीत उतरवून घ्या. रशियाने लेखकाचे बूटसुद्धा जपले. आपण निदान आपल्या माणसांचे शब्द तरी जपू या.