खाजनाचा शेजारधर्म

नोकरीची वर्षे संपली की गावी जावे, थोडी शेती करावी आणि जुन्या रीती सांभाळीत उरलेले आयुष्य शांतपणे घालवावे, हा मनोरथ परप्रांती राहिलेल्या पुष्कळ गोमंतकीयांच्या मनात घोळत असतो. बडोद्यास हयात घालविलेल्या आम्हां पतिपत्नींनी तो तडीस नेला खरा. परंतु वडिलार्जित शेताचा जो तुकडा वाट्यास आला तो खाजनातला. त्यामुळे तेथली शांतता फार जागरूक असावी लागते, हे लवकरच ध्यानात आले.

खाजन म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांधाने राखलेली सखल भूमी. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा बांध व त्यात बसविलेली मानस यांवर तिचे सारे अस्तित्व. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावसाने मातीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात करावयाचे, आणि मानशीशी जाळे लावून मासे व सुंगटे धरावयाची, ही येथली जुनी रीत.

परंतु नुसत्या कौतुकाने ही रीत टिकत नाही. खेकड्याने बांधाला पाडलेले भोक वेळीच बुजविले नाही तर ते रुंदावते. आणि बांध फुटला की खारे पाणी मालकाचे नाव विचारून शेतात शिरत नाही. पूर्वी बांधांची निगा गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, राखीत असे. १९६४ चा कुळकायदा आणि त्याची १९७६ मधील पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्यास मालकी मिळाली, हे न्याय्यच झाले. बांधांचा भार मात्र कूळसंघांवर आला. पुढे मुले शहरांत व आखातात गेली आणि शेते पडीक राहू लागली.

खरा धोका येथेच आहे. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्यास खारे पाणी आत अधिक काळ राहिलेले हवे असते. भात करणाऱ्यास ते वेळेवर बाहेर गेलेले हवे असते. शेते पिकत होती तोवर दोहोंचा तोल राहत असे. पडीक खाजनात भाताच्या बाजूने बोलावयास कोणी उरत नाही.

म्हणून आम्ही भात करतो. मजुरी वजा जाता हाती फारसे काही उरत नाही. तथापि कूळसंघाच्या सभेत मानशीचा प्रश्न निघतो तेव्हा आमच्या शब्दास जे थोडे वजन असते ते उभ्या पिकामुळे; जुन्या रीतींविषयीच्या आमच्या प्रेमाची तेथे कोणी दखल घेत नाही.

ज्या वाचकांचे शेत गावी पडून आहे, त्यांपैकी अनेकांना ते दुसऱ्यास कसावयास देताना कुळाच्या हक्काचे भय वाटते. ते समजण्यासारखे आहे. परंतु निदान बांधाच्या डागडुजीतला आपला वाटा त्यांनी वर्षास पाठवावा. शेजाऱ्याचे भात त्यावर अवलंबून असते.