हाताने वाजवलेलं

२०१३ साली डान्स म्युझिकबद्दल माझं एक पक्कं मत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते ऐकवत असे. डाफ्ट पंक थोर. बाकीचे नुसते बटणं दाबणारे.

मताला आधारही होता. मे महिन्यात डाफ्ट पंकचा 'रँडम ॲक्सेस मेमरीज' आला आणि अमेरिका, ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या नंबरावर गेला. सॅम्पलरवर नाव कमावलेल्या या दोन फ्रेंचांनी अल्बमसाठी हाडामांसाचे वादक बोलावले होते : ड्रम्सवर ओमर हकीम, बेसवर नेथन ईस्ट, गिटारवर नाइल रॉजर्स. डिस्कोचे निर्माते जॉर्जिओ मोरोडर यांच्या आठवणी रेकॉर्ड करताना तर वेगवेगळ्या काळातले माइक मांडले. फरक कुणाला कळणार? त्या दोघांना कळणार होता, बस्स. तबल्याच्या सुरावरून भांडणं होणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे वेड आपलंसं वाटलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मायामीच्या अल्ट्रा महोत्सवात डीजे आविचीने बॅन्जोसकट वादक मंचावर आणले, तेव्हा गर्दीतले बरेच जण वैतागले. मी त्यांना अडाणी ठरवून मोकळा झालो.

आता तसं वाटत नाही. मला हलवलं ते मुंबईच्याच एका रेकॉर्डने. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलँडची यंत्रं एकमेकांना जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा त्या रेकॉर्डला कुणी फारसं विचारलं नाही; २०१० मध्ये ती पुन्हा निघाली. त्यातल्या टीबी-३०३ या यंत्रात सूर आधी भरून ठेवायचे असतात, बोटांनी वाजवायचे नसतात. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय त्यात आहे आणि सिंगांनी नेमकी तीच हेरली. मींड! कुठला सूर घसरवायचा, कुठला कोरडा सोडायचा, हे काही यंत्र ठरवत नव्हतं.

मग डिस्क्लोजरचा 'सेटल' हा अल्बम पुन्हा लावला. तोही २०१३ च्या जूनमध्ये ब्रिटनमध्ये पहिला आला होता. डिस्क्लोजर म्हणजे गाय आणि हॉवर्ड लॉरेन्स, सरे परगण्यातले दोन भाऊ, तेव्हा विशीच्या आसपासचे. 'व्हेन अ फायर स्टार्ट्स टु बर्न'मध्ये त्यांनी एरिक थॉमस या वक्त्याच्या भाषणाचा तुकडा कापून घोळवलाय. थोड्या वेळाने त्यातला उपदेश गळून पडतो, उरतात ते नुसते बोल. 'लॅच'मध्ये ठोका चारचाच, पण प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन तीन भाग. म्हणून पाय सरळ पडत नाही, झुलतो. ही लयीची जाण माउसने मांडली म्हणून हलकी कशी ठरेल?

जानेवारी २०१४ मध्ये ग्रॅमीच्या डान्स विभागात हे दोन्ही अल्बम समोरासमोर होते. डाफ्ट पंक जिंकले, वर्षाचा सर्वोत्तम अल्बमही त्यांचाच ठरला आणि मी खूश झालो. आज मला विचाराल तर 'सेटल'. नेथन ईस्टचा बेस अजूनही कान देऊन ऐकतो, पण 'रँडम ॲक्सेस मेमरीज'चा मधला भाग मला बड्या घरच्या लग्नासारखा वाटतो : सगळं उंची, आणि नाचत कुणीच नाही. मायामीतली ती गर्दी निदान नाचायला तरी आली होती.