आजीच्या हिरड्याखालची माती

मातीबद्दल मला जे काही कळते ते आहुप्याच्या बाजूच्या एका आजीमुळे. ती महादेव कोळी समाजातली, शाळेची पायरी कधी न चढलेली. मी डी.एड. होऊन आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात नेमणूक मिळालेला मास्तर. तिच्या पडवीत राहिलो, तिच्या चुलीवरची नाचणीची भाकरी खाल्ली. भाडे तिने कधी घेतले नाही.

मी जुन्नरच्या पूर्वेकडचा. आमच्या नारायणगाव-ओतूरच्या टोमॅटो-कांद्याच्या मुलखात कालव्याचे पाणी आले, पिके वाढली, घरे उभी राहिली. पण वडिलांच्या रानातली ढेकळे वर्षागणिक टणक होत गेली आणि खताच्या गोण्या वाढत गेल्या. जमीन दमली आहे, असे वडील म्हणत; तिला विसावा कसा द्यायचा, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हते.

आजीचे रान डोंगरउतारावरचे, वरकस. आषाढात तिथे पाऊस असा कोसळतो की समोरचा बांध दिसत नाही. त्या पाण्याबरोबर मातीतली अन्नद्रव्ये खोल झिरपून जातात, माती आम्लधर्मी होते आणि उघडी असेल तर वाहूनच जाते. तरीही तिच्या हिरड्यांखालची माती भुसभुशीत, काळपट, गांडुळांनी भरलेली असे. आसपासची नाचणी नि वरई युरियावाचून उभी राही. उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करायला मी तिच्याबरोबर जाई. झाडांखाली एवढा पाचोळा पडलेला, तो राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, का नेत नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, "वरचा पाला आपला, गुरजी. खाली पडला तो झाडाचा."

राबाला ती ऐनाच्या फांद्या तोडी, शेण नि वाळले गवत घाली. हिरड्याचा पाचोळा मात्र जागच्या जागी कुजू देई. बांधावरचा पांगारा पावसाच्या तोंडी छाटून त्याचा कोवळा पाला ती भातखाचराच्या चिखलात तुडवी. पुढे डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातलागवडीबद्दल वाचले. त्यातले एक सूत्र गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडण्याचे आहे. वाचताना मला आजीचे गुडघाभर चिखलातले पाय आठवले.

पडलेला पाचोळा झाडालाच ठेवावा, हे तिला कुठून कळले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे उत्तर देवराई हे आहे. आहुप्याला भैरवनाथाची देवराई आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा जुना दंडक. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगासमोर मांडले. आजीने देवाच्या रानाचा दंडक स्वतःच्या रानाला लावला होता.

त्यामागचे शास्त्र मला कळले ते चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यात. एका नातेवाइकाकडे गेलो असताना तिथल्या मुकादमाने मळा फिरवून दाखवला. आपल्या देशात कॉफी बहुतेक सावलीतच पिकते. वर सिल्व्हर ओक, फणस आणि रानातल्या उंच झाडांचे छत, त्याखाली पांगारा. हो, आमचाच पांगारा! त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात आणि छाटलेला पाला कॉफीच्या बुडाशी पसरला की तो मातीत उतरतो. पावसाचा मारा आधी पानांवर बसतो, उरलेला पाचोळा झेलतो. खोल गेलेली मुळे झिरपलेली अन्नद्रव्ये वर ओढतात आणि पान गळले की ती पुन्हा मातीला मिळतात. मुकादम सांगत होता आणि मला आजीचे ते एकच वाक्य ऐकू येत होते.

घरी आलो आणि बांधावर गिरिपुष्प नि पांगारा लावला. पाचट जाळणे बंद केले. आज वडिलांच्या रानातले ढेकूळ हाताने फुटते. ते त्यांनी जिवंतपणी पाहिले, याचे मला फार समाधान आहे आणि त्याचे सारे श्रेय आजीचे.

आजी गेली. तिच्यामागे 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी गावांत हिरड्याची कितीतरी झाडे उन्मळून पडली. तिचीही पडली. लोक बोलत होते ते बुडालेल्या बाळहिरड्याच्या पैशाबद्दल, आणि ते रास्तच होते. वर्षाचा बाजारहाट त्यावर चालतो. पण उघड्या पडलेल्या त्या उतारावरची माती पुढच्या पावसांत कुठे जाणार, याने माझा जीव कासावीस झाला. 30 जुलै 2014चे माळीण आंबेगाव तालुक्यातलेच. तिथला कडा अतिवृष्टीने कोसळला. उतारावरच्या सपाटीकरणाची आणि तुटलेल्या झाडांचीही तेव्हा चर्चा झाली. ते आम्ही विसरू शकत नाही.

तेव्हापासून मी हिरड्याची रोपे करतो. बी कठीण कवचाचे, उगवायला वेळ घेते, पुढे फळ धरायलाही कित्येक वर्षे जातात. म्हणून पश्चिम पट्ट्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांना, आता बापे-बाया झालेल्यांना, सांगणे आहे: झाड पडलेली जागा मोकळी ठेवू नका. हिरडा लावा, तो मोठा होईतो शेजारी पांगारा वाढू द्या, आणि खालचा पाचोळा उचलू नका. रोपे माझ्याकडे तयार आहेत. पावसाआधी येऊन घेऊन जा, पैसे आणू नका.