घराची भुई आणि शाळेची फरशी

हात फिरे तेथे लक्ष्मी शिरे, असे म्हणतात. पण तो हात कोणाचा फिरावा, हे कोणी सांगत नाही. आमच्या घरी तो मायचा फिरतो. म्हणून मी या विषयावर लिहायचे ठरवले.

आमचे घर मातीचे आहे. छपरी, माजघर आणि सैपाकाची खोली, तिन्हीकडे मातीची भुई. माय आठवड्यातून एकदा घर सारवते. पोळा-दिवाळी आली की भिंतींनाही हात लागतो. घमेल्यात माती आणि ताजे शेण कालवायचे, खडे वेचायचे, पाणी बेताचे घालायचे. शेणात गवताचे बारीक तंतू असतात. ते मातीला धरून ठेवतात, म्हणून भुई लवकर फुटत नाही आणि धूळ उडत नाही. सारवताना मागे मागे सरकत दाराकडे यायचे. वाळेपर्यंत आत पाय ठेवायचा नाही. आजी सांगते, सारवण पातळ असावे. जाड थर दिला तर वाळल्यावर त्याच्या खपल्या निघतात.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाऊस फार. पावसाळ्यात सारवलेले दोन-दोन दिवस वाळत नाही. ओलीने उधई लागते. भुईला भेगा पडतात, उंदीर बिळे करतात, आणि उंदरांमागे साप येतो. मण्यार रात्री निघतो. तो चावला तर पुष्कळदा दुखत नाही की सूज येत नाही, म्हणून झोपलेल्या माणसाला कळतही नाही. अशा वेळी मांत्रिकाकडे न जाता सरळ दवाखाना गाठावा. भेगा आणि बिळे वेळच्या वेळी बुजवावीत. भुईवर न झोपता बाजेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. गडचिरोलीत मलेरियाही पुष्कळ, म्हणजे एका मच्छरदाणीत दोन कामे होतात.

आणखी एक गोष्ट. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हातापायाला जखम असेल तर सारवू नये. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलांना धनुर्वाताची लस देतात, ती चुकवू नये. सुई टोचली की मुले रडतात, पण ते दुखणे एका दिवसाचे.

आता शाळेची गोष्ट. आमच्या जुन्या वर्गात शहाबादी फरशी आहे आणि नव्या वर्गात गुळगुळीत टाइल्स. दोन्हींची निगा निराळी. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. गडचांदूर-आवारपूरकडचे सिमेंटचे कारखानेही चुनखडीवरच चालतात. विज्ञानाच्या तासाला बाईंनी फरशीच्या एका तुटक्या तुकड्यावर लिंबू पिळले. बारीक बुडबुडे आले! लिंबाच्या आंबटाने दगड विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, असे बाईंनी सांगितले. लिंबू असे करते, तर बाजारातले अ‍ॅसिड काय करील? म्हणून शहाबादी फरशीवर अ‍ॅसिड ओतू नये. फरशी खरबरीत होते आणि मग जास्तच मळते. संडास धुण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

टाइल्सवर आधी कोरडा फडा मारावा, मग पोतेरे. पहिल्यांदा मुलांनी मूठभर साबण टाकला होता. साबणाचा थर राहिला आणि पहिलीतली दोन लेकरे सर्रकन घसरली. आता आम्ही दोन बादल्या घेतो. एकीत चिमूटभर साबण, दुसरीत साधे पाणी. पाणी काळे झाले की बदलायचे. सांध्यांतला मळ दात घासायच्या जुन्या ब्रशाने काढायचा.

धूळही सगळीकडे सारखी नसते. घुग्गुसला माझ्या मामाच्या घरी कोळशाची काळी धूळ बसते. सुरजागडच्या खाणीचे ट्रक ज्या रस्त्याने जातात, तिकडची धूळ लाल. अशी धूळ कोरड्या फड्याने झाडली तर ती उडून नाकात जाते. आधी पाणी शिंपडावे किंवा ओल्या फडक्याने पुसावे.

वर्गातल्या सतरंज्या आम्ही शनिवारी दुपारी शाळा सुटायच्या आधी उन्हात टाकतो. नाकाला रुमाल बांधायचा, वाऱ्याकडे पाठ करायची आणि काठीने झोडपायचे. शाई सांडली तर चोळू नये, कोरड्या फडक्याने टिपून घ्यावी. खिचडीचे तेल सांडले तर त्यावर खडूची भुकटी टाकावी, ती तेल ओढून घेते. सतरंजीची घडी करण्यापेक्षा गुंडाळी करावी. एकाच जागी मोडून मोडून सूत तुटते. ओल्या जमिनीवर ठेवू नये, नाहीतर उधईला जेवण मिळते.

खरे भांडण या कामांच्या पाळीवरून झाले. वर्गातली काही मुले म्हणाली, "झाडणं-पुसणं पोरींचं काम हाय." बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "फरशीवर चालतं कोण?" सगळे गप्प. मग बाईंनी गाडगेबाबांची गोष्ट सांगितली. गाडगेबाबा गावात येत, हातात खराटा घेत, आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तन करत. त्यांच्याच नावाने आपल्या राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत ग्रामशुद्धीवर सांगितले आहे. एवढे मोठे पुरुष झाडू हाती घेत होते, मग आमच्या वर्गातल्या मुलांनाच लाज कशाची? त्या दिवसापासून हजेरीच्या क्रमांकाने पाळी लागली. सगळ्यांत जास्त भांडणारा मुलगाच आता सतरंजीची गुंडाळी सगळ्यांत घट्ट करतो.

आमच्या घरी यंदा घरकुल मंजूर झाले. आत काय करायचे यावर रोज चर्चा होते. आजी म्हणते, "फरशीवर पाय गारठतात व पोरी. सारवल्याबिगर घर घरावानी दिसत नाही." आजीचे खोटे नाही. उन्हाळ्यात आपली भुई किती गार असते! पण मायचे गुडघे दुखतात. सारवून झाले की ती भिंतीला धरून उठते. हे मी रोज पाहते. मी बाबांना म्हटले, "सारवते माय, तर मायलाच विचारा ना." बाबा थोडे थांबले आणि त्यांनी विचारले. माय म्हणाली, "आत फरशी करा. अंगण सारवू, पण पाळीनं." आता अंगणाची पहिली पाळी दादाची आहे. तो कुरकुरतो, पण करतो.

शाळेत येणाऱ्या मायबापांना माझी एक विनंती आहे. चपला दाराबाहेर काढा, ते तर कराच. पण घरी गेल्यावर आपल्या मुलाच्याही हाती फडा द्या. मातीची भुई असो की टाइल्स, जो चालतो त्याने ती साफ ठेवावी.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी